लेकीशेजारची जागा

नर्सबाई पहाटे गेल्या, तो शुक्रवार होता. दुसरा कुठलाही वार असता तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला अजून वाटतं, आणि अजून मी वारालाच दोष देत बसते. दोष द्यायला तेवढंच एक बिनतक्रार सापडतं.

त्यांच्या लोकांत शनिवारी माती देत नाहीत. त्यांचा शनिवार शुक्रवारी दिवस बुडतानाच सुरू होतो. म्हणजे पहाटे गेलेल्या माणसाला संध्याकाळच्या आत मातीआड करायचं, नाहीतर थेट रविवार. बिलोलीहून देगलूरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात बर्फाची पेटी नाही, आणि त्या आठवड्यात वीजही धड नव्हती. त्यात बाईंनीच मला बजावून ठेवलं होतं, "मला ठेवून घेऊ नका. मेलेल्या माणसानं पाहुण्यासारखं बसून राहणं बरं दिसत नाही."

गावात त्या लोकांना शनवारवाले म्हणत. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणायचे. निजामाच्या काळात बाईंचे आजोबा कोकणातून पुलाच्या कामावर मुकादम म्हणून आले आणि राहिले. मागून भाऊबंद आले, त्यांनी तेलाचा घाणा टाकला, आणि बघता बघता मशिदीमागच्या गल्लीत त्यांची आठ घरं झाली. शनिवारी घाणा बंद, चूलही बंद. माझी आत्या लहानपणी दर शनिवारी जाऊन त्यांची चूल पेटवून चहा ठेवून यायची, आणि येताना मूठभर शेंगदाणे आणायची. त्यांची मराठी आमच्याहून सोज्वळ होती, त्यावरून गाव त्यांना चिडवायचं. मग एकेक घर उठलं. कुणी मुंबईला, कुणी ठाण्याला, बरेचसे थेट इस्राएलला गेले. आता त्या गल्लीत मोबाईलचं दुकान आहे आणि पिठाची गिरणी आहे. एका चौकटीवर उजव्या हाताला तिरकी खाच तेवढी उरलीय. तिथं त्यांची प्रार्थनेची नळी ठोकलेली असायची. त्या खाचेत आता ऑईलपेंट भरलाय.

बाई गेल्या नाहीत. त्यांचा नवरा आधी जाऊन घर बघतो म्हणून गेला आणि तिकडंच वारला. सासरच्यांनी कागद पाठवले, तिकिटाचं बघतो म्हणाले. पण बाईंची दीड वर्षांची लेक इथं गावाबाहेरच्या कबरस्तानात होती, तापानं गेलेली. "सगळ्यांनी मिळून मला एकच विचारलं, इथं तुझं कोण आहे म्हणून," बाई मला म्हणाल्या होत्या. "मी म्हटलं, मुलगी आहे." त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. देवणी, नायगाव, निलंगा, जिथं बदली होईल तिथं राहिल्या, आणि निवृत्तीनंतर परत गावात येऊन माझ्या शिलाईच्या दुकानासमोरची खोली भाड्यानं घेतली. एक धाकटी बहीण ठाण्याला होती, तिचा दर रविवारी फोन यायचा. बाकी कुणी नव्हतं.

साखरेनं हळूहळू बाईंचे डोळे गेले. मग मी त्यांना हाताला धरून कबरस्तानात नेऊ लागले. आमच्या मुसलमानांत बायका कबरस्तानात जात नाहीत, पण हे आमचं थोडंच होतं, अशी पळवाट मी काढली होती. मोजून चौदा कबरी. बाईंच्या लेकीचा दगड अगदी लहान, पाटीएवढा, वर त्यांच्या लिपीत एक ओळ आणि खाली मराठीत नाव. मी बाईंचा हात त्या दगडावर ठेवायचे. त्या बोटांनी अक्षरं चाचपायच्या आणि मग कपाळ टेकवून बसायच्या. मी थोडी लांब उभी राहून डास मारत राहायचे.

तिथंच त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "मला हिच्या शेजारी. बाकी काही नको. तेवढ्यासाठी मी जन्म इथं काढलाय."

मी हो म्हटलं. त्यात अवघड काय होतं? जागा समोर दिसत होती.

मग त्या मला शिकवू लागल्या. अंग कसं धुवायचं, पाणी कुठून कुठं ओतायचं, कफनाला गाठ मारायची नाही, खिसा ठेवायचा नाही, डोकं पूर्वेला आणि पाय पश्चिमेला ठेवायचे. "उठलो की तोंड सरळ यरुशलेमकडे," त्या म्हणायच्या. मी एकदा ब्लाउजला हुक लावता लावता म्हटलं, "बाई, एवढं ध्यानात ठेवायला मला शाळेतच घालावं लागंल." त्या हसल्या आणि परत पहिल्यापासून सगळं म्हणून घेतलं. मला सगळं पाठ झालं होतं. चुकले ते वेगळ्याच ठिकाणी.

आता अब्बांबद्दल सांगायला हवं. माझे अब्बा मिस्त्री होते. मी दहा-अकरा वर्षांची असताना मांजरेला मोठा पूर आला आणि पाणी शनवारवाल्यांच्या कबरस्तानातून गेलं. तोवर त्या साध्या मातीच्या कबरी होत्या, डोक्याशी एकेक लिहिलेला दगड. पूर ओसरला तेव्हा सगळं सपाट झालं होतं, आणि दगड चिखलात कुठंही लोळत होते. गावात तेव्हा शनवारवाल्यांचं कुणीच नव्हतं, बाई देवणीला होत्या. अब्बांना ते बघवलं नाही. त्यांनी स्वतः विटा आणल्या, चुना-सिमेंट आणलं, आणि आठ-दहा दिवस खपून चौदा दगडांसाठी चौदा ओटे बांधले. दोरीचं एक टोक माझ्या हातात असायचं. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ती लिपी तर गावात कुणालाच येत नव्हती. जो दगड हाताला लागेल तो पुढच्या ओट्याला बसवला. सगळे ओटे एका ओळीत, एका मापाचे. मी दोरी ताणून धरायचे आणि ते म्हणायचे, "मुर्दा कुणाचाबी असू दे, नीट झोपला पायजे."

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणार नव्हतं. अब्बांनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात चांगलं काम, असं आमच्या घरात सगळे मानायचे. मीही मानायचे. बाई रजा काढून आल्या तेव्हा त्यांनी लेकीचा दगड शोधला, तो सापडल्यावर तिथंच बसून रडल्या, आणि अब्बांना म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचे उपकार कसे फेडू?" अब्बा लाजून घमेलं धुवायला निघून गेले.

तर त्या शुक्रवारी सकाळी मी ठाण्याला फोन केला. धाकट्या बाई, म्हणजे बाईंची बहीण, म्हणाल्या, "मी निघाले तरी संध्याकाळपर्यंत पोचत नाही गं. तूच कर सगळं. तुला तिनं शिकवलंय ना?" मी आणि माझ्या नणंदेनं मिळून बाईंना आंघोळ घातली. सांगितल्याप्रमाणे पाणी ओतलं. पांढरं कापड मी हातानंच शिवलं, दोऱ्याला गाठ न मारता. गाठ न मारता शिवायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. मन शांत होतं. सगळं नीट होईल असंच मला वाटत होतं.

कबर खोदणारे चाचा बिलोलीहून अकराला आले. म्हातारे, हाडकुळे, आमच्याच जमातीचे. आयुष्यभर हेच काम केलेलं. मी त्यांना लेकीचा दगड दाखवला आणि म्हटलं, "हिच्या बाजूला. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला."

चाचांनी फावडं टेकवलं आणि ओट्यांकडं बघितलं. "आपा, ह्या तर समद्या उत्तर-दक्षिण हायत. आपल्यावानी. मग ही एकलीच आडवी कशी?"

मी बघितलं. शंभर वेळा मी तिथं उभी राहिले असेन, आणि बाईंनीही डोळे होते तोवर फक्त लेकीचा दगडच बघितला असणार. चौदाच्या चौदा ओटे उत्तर-दक्षिण होते. आम्ही आमच्या माणसांना तसं ठेवतो, डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला, मक्केकडं. अब्बांना तेवढंच माहीत होतं. कबर म्हणजे उत्तर-दक्षिण, हे त्यांना वीट आडवी ठेवायची की उभी याच्याइतकं पक्कं होतं. त्यांनी सपाट झालेल्या जमिनीवर आपल्या हिशोबानं रांग आखली होती. खाली कोण कुठं आणि कसं झोपलंय याच्याशी त्या रांगेचा काही संबंध नव्हता.

दोरी मीच धरली होती.

चाचांना मी पुराचं आणि अब्बांचं सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. "दगूड तिचा हाय का न्हाई?"

"दगड तिचाच आहे. जागा तिची नाही."

"बघू. लेकरू इथंच आसंल कुठंतरी."

त्यांनी दगडाच्या डाव्या अंगाला पूर्व-पश्चिम रेघ मारली आणि खणायला घेतलं. पावसाळा सरत आलेला, काळी माती चिकट, प्रत्येक फावड्याला धरून बसत होती. कमरेइतकं खणायला तास गेला. मग फावड्याचा आवाज बदलला. चाचांनी हातानं माती सारली. मोठ्या माणसाच्या पायाची हाडं होती, ओट्याच्या खालून आडवी बाहेर आलेली. कुणाचे तरी पाय पश्चिमेला होते, बरोबर जसे असायला हवेत तसे, आणि आम्ही ते उघडे केले होते. चाचांनी खांद्यावरचा रुमाल टाकून ती झाकली, तोंडानं काहीतरी पुटपुटले, आणि माती परत लोटली.

तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली. मी चाचांना थांबा म्हणू शकले नाही. ते गेले आणि मी त्या अर्धवट बुजवलेल्या खड्ड्याशी एकटी बसून राहिले. ऊन पाठीवर होतं. सावल्या बघून किती वेळ उरलाय याचा अंदाज घेत होते आणि दर वेळी चुकीचा अंदाज घेत होते.

चाचा परत आले. उजव्या अंगाला खणलं. या वेळी गुडघ्याएवढंच खणलं होतं आणि कवटी लागली. तीही मोठ्या माणसाची.

चाचांनी फावडं बाजूला ठेवलं. "आपा, माझ्या हातून आजपातुर कुणाची नीज मोडली न्हाई. आज दोगांची मोडली. आता मी खांदणार न्हाई."

मला जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी लेकीच्या ओट्याच्या विटा हातानं उपसायला लागले. म्हटलं, हिच्या खाली बघा, त्याच्या खाली बघा, चौदाच्या चौदा फोडा, पण लेकरू शोधा. नखं तुटली. माझा बाप मरून वीस वर्षं झाली, त्याला मी त्या दुपारी तोंडाला येईल ते बोलले. कोणी सांगितलं होतं तुम्हाला, म्हटलं. चिखलातच का नाही राहू दिलं? या बाईनं इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाच्या उशाशी कपाळ टेकलं, आणि मी तिचा हात धरून तिथं नेत होते.

चाचांनी मला दंडाला धरून उठवलं. "येका लेकरासाठी किती जनांना उठवशीला?"

मी हातातली वीट परत ओट्यावर ठेवली.

माझा आवाज शेजारच्या रानापर्यंत गेला होता. तिथला शेतकरी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत आला. त्याचं रान कबरस्तानाला लागून, आणि गावात सगळ्यांना माहीत होतं की दरवर्षी त्याचा नांगर दोन तास, म्हणजे दोन सऱ्या, आत येतो आणि बोरीचं कुंपण त्याच्या मागोमाग सरकतं. बाईंना दिसत होतं तोवर त्या त्याला हटकायच्या. तो दरवेळी "हाव बाई" म्हणायचा आणि पुढच्या वर्षी आणखी दोन तास आत यायचा. त्यानं खड्डे बघितले, चाचांनी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"भाभी, माझ्या रानातून जागा घ्या," तो म्हणाला. "धुऱ्यापासलं. तितं लई खोल नांगरलंय, नांगराला कदी काय लागलं न्हाई. तितं कुनी न्हाई."

जी जागा तो देत होता ती त्याची नव्हती. त्यांचीच होती, लाटलेली. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. तरी मला त्याचे आभार मानावे लागले. तोवर दिवस झाडांच्या शेंड्यावर आला होता. शेंगांनी लगडलेलं सोयाबीन त्यानं स्वतःच्या हातानं उपटलं, हे पण सांगायला हवं. आणि फावडं घेऊन चाचांच्या बरोबरीनं खणायलाही उतरला.

लेकीच्या दगडापासून ती जागा चाळीस-पन्नास पावलं लांब आहे. मध्ये बोरीचं कुंपण आहे.

बाईंना आणलं तेव्हा मशिदीतून आलेले सहा-सात जण होते आणि रानातले चार-पाच. त्यांच्या प्रार्थनेला त्यांचेच दहा पुरुष लागतात. आमच्याकडं पुरुष दहाच्या वर होते, त्यांच्यातला एकही नव्हता. धाकट्या बाईंनी ठाण्याच्या एका वृद्ध गृहस्थांना फोनवर उभं केलं होतं. धुऱ्याशी रेंज येईना म्हणून मी परत आत गेले आणि अब्बांच्या एका ओट्यावर चढून फोन वर धरला. ते म्हणत होते ते तुटक तुटक येत होतं, मध्येच बंद पडत होतं. लोक लांबून टोप्या सारख्या करून उभे होते, एवढ्या लांबून त्यांना काही ऐकू येत असेल असं वाटत नाही. त्या गृहस्थांनी माफी मागून फोन लवकर ठेवला, त्यांनाही दिवस बुडायच्या आत उरकायचं होतं. चाचांनी डोकं पूर्वेला आणि पाय पश्चिमेला ठेवले. तेवढं बरोबर झालं.

माती लोटून होते न होते तोच माझा फोन वाजला. धाकट्या बाई होत्या.

"दिवे लावायची वेळ झाली गं, आता मला फोन बंद करायला हवा. उद्या दिवसभर मी घेणार नाही. एकच सांग. तिला मुलीच्या शेजारीच ठेवलं ना?"

मी कुंपणाकडं बघितलं.

"हाव," मी म्हटलं. "अगदी शेजारी."

त्या रडल्या, पण ते सुटका झाल्यासारखं रडणं होतं. मग फोन बंद झाला.

शनिवारी मी दुकान उघडलं नाही. समोरच्या खोलीचं कुलूप दिसत होतं. सकाळी ठाण्याला फोन लावला, बंद. दुपारी लावला, बंद. त्या आपला धर्म पाळत होत्या आणि मी खोटं बोलून बसले होते. दर वेळी फोन बंद लागला की मला आधी सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच त्याची किळस यायची. बाईंना एकच गोष्ट हवी होती. त्यासाठी त्यांनी सासर सोडलं, देश नाकारला, आपलं कुणी न उरलेल्या गावात डोळे घालवले. ती गोष्ट मी देऊ शकले नाही, आणि दिली म्हणून सांगितलं. खरं सांगायचं असं मी ठरवलं. सगळंच सांगायचं, ओटे, हाडं, सोयाबीन, अब्बा. त्या शिव्या देतील, देऊ देत.

रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला, दर रविवारच्या वेळेला. मी "हॅलो" म्हटलं आणि एका दमात बोलायचं म्हणून श्वास घेतला.

"आधी माझं ऐक," त्या म्हणाल्या. आवाज मोकळा होता. "काल कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. इकडं सगळ्यांना सांगितलं, की ताईला शेवटी तिची मुलगी मिळाली. आणि मुलांना मी लिहून दिलंय. इथं ठाण्यात मला नका ठेवू. माझीही ऐंशी उलटली, आता किती दिवस? मुलीच्या एका बाजूला ताई आहे, दुसऱ्या बाजूची जागा माझ्यासाठी राखून ठेव. ठेवशील ना?"

गिरणी सुरू झाली होती, तिचा आवाज दुकानात येत होता. त्या पलीकडून वाट बघत होत्या.

"ठेवते," मी म्हटलं.